ओढ्याकडची फुटकी भांडी

माझ्या घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. आईबाप दोघंही अंगठा उठवणारे, चुलता चौथीतनं पळालेला. मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, आज वारणेच्या बाजूला एका कॉलेजात इतिहास शिकवते. याचा मला अभिमान आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही. पण ज्या गोष्टीची मला जन्माची लाज वाटते, तीही मी शिकले म्हणूनच घडली. अडाणी राहिले असते तर ती माझ्या हातून झाली नसती. हे मी विचार करून लिहिते आहे.

आमची वस्ती कोल्हापूरच्या कडेला, दगडाच्या खाणीला लागून. सगळी दगड फोडणारी माणसं. आमच्यात मयताला जाळत नाहीत, पुरतात. खाणीच्या खालच्या अंगाला ओढा आहे आणि ओढ्यापलीकडं उताराची पड जागा. तिला स्मशान असं कुणी म्हणत नाही. 'अमक्याला ओढ्याकडं नेला' म्हटलं, की ऐकणारा हातातलं काम खाली ठेवतो. पुरायच्या दिवशी बायकांनी ओढ्याच्या अलीकडंच थांबायचं. पुढं अमावास्येला वगैरे बायका गुपचूप जाऊन यायच्या, पण पोरीबाळींना कुणी नेत नसे. त्यामुळं ती जागा मी कॉलेजात जाईपर्यंत लांबूनच बघितलेली. लांबून काय दिसणार? घाणेरीची झुडपं, करंजाचं एक मोठं झाड आणि इकडंतिकडं पडलेले दगड.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेजचं श्रमदानाचं शिबिर निघालं. सरांनी वर्गात विचारलं, "यंदा कुठलं ठिकाण घ्यायचं?" मी हात वर केला. तोवर वस्तीचं नाव काढायलाही मी कचरायचे. त्या दिवशी उभी राहून म्हणाले, "सर, आमच्या वस्तीत चला. आमची स्मशानभूमी फार वाईट अवस्थेत आहे." सर खूश झाले. मीही खूश झाले. वाटलं, शिकलेल्या माणसानं मागं वळून बघायचं असतं ते हेच.

तीस-चाळीस पोरंपोरी आली. खोरी, पाट्या, कोयते आले. ऊस ओढायची एक ट्रॉली आली, बिद्रीकडच्या एका पोराच्या घरची. हंगाम संपला होता, ती रिकामीच उभी होती. पहिल्या दिवशी आम्ही घाणेरी तोडली. झुडूप निघालं तशी खाली भांडी दिसायला लागली. कान तुटलेले कप. बुडाला भोक पडलेली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, ताटली. चहाचे ग्लास, औषधाच्या बाटल्या, एक रॉकेलची चिमणी, तंबाखूची डबी. कुणाच्या तरी चष्म्याची काडी. "लोक कुठंही कचरा टाकतात," माझ्या शेजारची पोरगी म्हणाली. आणि मी तिला म्हणाले, "आमच्या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही गं." हे वाक्य माझंच आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

दुपारी माझा चुलता ओढ्याच्या काठावर येऊन उभा राहिला. वस्तीत कुणी गेलं की खड्डा घ्यायचं काम त्याच्याकडं असायचं. त्याच्या मागं आणखी सात-आठ माणसं होती.

"पोरी, ते ऱ्हाऊ दे की," तो म्हणाला.

"काय राहू दे?"

"भांडी. आन दगडंबी हालवू नगासा."

"काका, घाण आहे ही. पाणी साठतं त्यात, डास होतात. दगडाखाली साप होतात."

"साप काय आमी आजच बघतूय व्हय?"

पोरं हसली. ते हसणं मला लागलं, कारण ते माझ्या माणसाच्या बोलण्याला होतं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. जरा बाजूला व्हा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग मागच्यांकडं बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आपलीच पोरगी हाय. शिकल्याली हाय. तिला ठावं आसंल." आणि सगळे मागं सरले.

दुसऱ्या कुणी येऊन त्या भांड्यांना हात लावला असता तर त्याची धडगत नव्हती. माझी माणसं भांडायला मागंपुढं बघत नाहीत. पण पुढं मी होते. त्यांच्यातली पहिली शिकलेली. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला आणि गप्प बसली.

तीन दिवस काम चाललं. काच आणि मातीची भांडी खाणीच्या एका जुन्या खड्ड्यात ओतली. धातूचं होतं ते भंगारवाल्याला घातलं आणि त्यावर शेवटच्या दिवशी सगळ्यांना वडापाव आले. मी दोन खाल्ले. दगड सगळे गोळा केले, ओढ्यापासून वरपर्यंत पायवाट आखली आणि तिच्या दोन्ही कडांना ते ओळीनं रोवले. एकाला चुना, एकाला गेरू. एक पांढरा, एक तांबडा. बघायला छान दिसत होतं. पेपरात फोटो आला, त्यात मी खोरं घेऊन सगळ्यांच्या पुढं.

तो पेपर घेऊन मी घरी गेले. बाप भिंतीला टेकून बसला होता. त्यानं फोटो बघितला आणि पेपर नीट घडी घालून ठेवला. मला वाटलं, अभिमानानं ऊर भरून आलाय. आई भाकरी करत होती.

"समदं उचाललासा?" तिनं विचारलं.

"सगळं. ट्रॉली भरून निघालं, आई."

"करंजाखालचंबी?"

"तिथं तर जास्तच होतं."

तिनं तव्यातली भाकरी उलटायला हात पुढं केला आणि तसाच ठेवला. भाकरी करपली. माझ्या आईच्या हातची भाकरी करपलेली मी त्याआधी बघितली नव्हती. तरी मी काही विचारलं नाही. थकली असेल म्हटलं.

पुढं मी नोकरीला लागले. बाप वारला. त्याच्या उशाला मी काळ्या ग्रॅनाइटचा दगड बसवला. पॉलिश केलेला, वर त्याचं पूर्ण नाव, सोनेरी अक्षरात. ओढ्याकडचा तो पहिला नावाचा दगड. वस्तीतली माणसं येऊन बघून गेली. चुलता मात्र दगडावरनं हात फिरवून म्हणाला, "ह्याला हत्यार लागलंय."

तेव्हा त्यानं मला सांगितलं. जन्मभर दगड फोडलेल्या माणसाच्या उशाला कुणाचंही हत्यार न लागलेला दगड ठेवायचा, ओढ्यातनं उचलून आणलेला. मेल्यावर तरी त्याच्या कानाशी छन्नी वाजायला नको.

"काका, हत्याराशिवाय नाव कसं उठणार दगडावर?"

"मग नाव कशाला पायजे?"

मला ते अडाणीपणाचं वाटलं. नाव नको असलेलं माणूस असतं का कुठं? आमच्या माणसांची नावं आजवर मजुरांच्या हजेरीशिवाय कुठं लिहिली गेली नाहीत, म्हणून तर मी हट्टानं लिहिलं. त्या बाबतीत मी आजही मागं हटत नाही. पण दगडांचं कळल्यावरसुद्धा भांड्यांचं काय, हा प्रश्न मला पडला नाही. आपण काय मोडलं ते अर्धंच कळलं, की माणूस तेवढ्याचीच चुटपुट लावून घेतो.

बाकीचं अर्धं मला कळलं ते अमेरिकेवरनं.

दुसऱ्या वर्षाच्या पोरांना अमेरिकेतल्या गुलामगिरीवर शिकवायचं होतं. पुस्तकात दोन पानं होती, माझं समाधान होईना, म्हणून मी इंटरनेटवर शोधत बसले. आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेली माणसं जगली कशी हे बरंच मिळालं. मेल्यावर त्यांचं काय केलं हे शोधताना एक फोटो समोर आला. झाडाखालची जागा, मातीचे लांबट उंचवटे, आणि त्यांच्यावर कप, बश्या, औषधाच्या बाटल्या, एक कंदील, पांढरे शिंपले. कपांचे कान तुटलेले. बश्या फुटलेल्या. ती जागा मी बघितली होती. साफही केली होती.

खाली सगळं लिहिलेलं होतं. मालकांच्या थडग्यांवर संगमरवर, नाव, धर्मग्रंथातली ओळ. गुलामांना मळ्याच्या कडेची पड जागा. उशाला लाकडाची फळी, नाहीतर रानातला बिनघडीव दगड, बहुतेकांवर अक्षर नाही. मेलेल्यानं शेवटी ज्यातनं खाल्लं-प्यालं ते भांडं फोडून वर ठेवायचे. न फोडता ठेवलं तर घरातली माणसं एकामागून एक त्याच्या वाटेनं जातात. फोडलं की ती साखळी तुटते. फळ्या कुजल्या. दगड नांगराच्या आड आले म्हणून काढले गेले. काही जागांवरनं रस्ते गेले, काहींवर इमारती उठल्या. आणि काही ठिकाणी नंतरच्या लोकांनी, चांगल्या मनाच्या लोकांनी, स्मशानभूमी स्वच्छ करायची म्हणून ती भांडी कचरा समजून उचलून टाकली.

हे शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. त्या चांगल्या मनाच्या लोकांना मी ओळखत होते.

पुढच्या रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन आईच्या कॉटवर बसले. तिचं हृदय मोठं झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चार पावलं चालली तरी धाप लागायची. तिला मी ते फोटो दाखवले.

"कुठलं गाव हे?"

"अमेरिका."

"मानसं तर आपल्यातली दिसत्यात." एका फोटोत थडग्याशेजारी एक काळी म्हातारी उभी होती.

"आफ्रिकेतनं धरून नेलेली. गोऱ्यांच्या शेतावर राबायची. कापूस, तंबाखू. ऊससुद्धा."

"उसाचं काम वंगाळच," आई म्हणाली आणि फोटोवर बोट ठेवलं. "हितं म्हातारं मानूस हाय. बाटल्या बघ की. लई दिस खाटंवर हुतं. आन ही बाई."

"बाई कशावरनं?"

"आरसा ठेवलाय न्हवं? गडी मानूस आरसा घिऊन जातोय व्हय गं वर?"

आम्ही दोघी हसलो. मी इतिहासाची बाई, मला जे चार पानं वाचून कळलं ते ती नुसतं बघून वाचत होती.

"नावं न्हाईत?"

"बहुतेकांवर नाहीत. त्यांना लिहायला-वाचायला शिकू देत नव्हते. काही भागांत तसा कायदाच होता."

"आमाला कुटं कायदा हुता? तरी कोन शिकलं?"

यावर मी वर्गात तासभर बोलू शकते. तिथं मी पुढचा फोटो उघडला. मग मी ते भांडी फोडण्याचं सांगितलं, साखळी तुटण्याचं. आईनं मान हलवली, भाजीत मीठ घालतात हे कुणी सांगितल्यासारखी.

"मग काय. भोक पाडल्याबिगर ठेवायचंच न्हाई."

"आई, आपल्या ओढ्याकडची भांडी..."

"त्येच की." तिनं डोळे मिटले. "झालं बाई तुला ठावं. अमेरिकेस्नं."

करंजाखाली आपलं कोण होतं, असं मी विचारलं. मला वाटलं, आजा-आजी असतील.

"तुझ्या आदुगर एक झालतं मला. पोरगा. म्हैनाभर हुता. दूध पचंना त्येला."

मी घरातली थोरली. वस्तीत, शाळेत, नोकरीच्या कागदावर, सगळीकडं थोरली. पस्तिशी ओलांडल्यावर मला कळलं की मी दुसरी आहे.

"नाव ठेवलं होतं?"

"ठेवलतं की. पर तुला सांगू कशाला? ग्रानाइटवर घालतीस?"

बाळंतिणीनं ओढ्यापर्यंतही जायचं नसतं, म्हणून बापानं एकट्यानं त्याला टॉवेलात गुंडाळून नेलं होतं. चुलत्यानं खड्डा घेतला. उशाला ओढ्यातला एक तांबूस दगड ठेवला, वरवंट्याएवढा. आणि बोंडलं. तान्ह्या पोराला दूध पाजायची ती चोचीची वाटी, आमच्या घरातली पितळेची होती, आईच्या माहेरनं आलेली. तिच्या बुडाला बापानं छन्नीनं भोक पाडलं. आई महिन्या-दोन महिन्यांनी जायची, झुडपात हात घालून बोंडलं आहे का बघायची, परत यायची. कुणाला सांगायची नाही. मी शाळेत असले की जायची. वीस वर्षं.

पितळ. म्हणजे ते खड्ड्यात गेलं नव्हतं. भंगारात गेलं होतं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"कवा? तू पेपर घिऊन आलीस तवा?"

मग तिनं जे मागायचं होतं ते मागितलं. सरळ, धाप टाकत.

"मला त्येच्यापाशी ठेव."

"बाबांच्या शेजारी जागा राखलीय, आई."

"तुझ्या बापाला नाव हाय दगडावर. त्येला कोनबी हुडकंल. त्या लेकराला माझ्याबिगर कोन वळकतंय? तू शिकल्याली हायस. जागा हुडक."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी चुलत्याला घेऊन ओढ्याकडं गेले. आईला तिथवर चालवणार नव्हतं, आणि बाप गेल्यावर तिच्याशिवाय ती जागा ठाऊक असलेलं ते एकच माणूस उरलं होतं. तोही आता काठी टेकत चालतो, आणि आपला सकाळचा चहा झाला का हे सुनेला विचारतो. ओढ्यावर आता साकव आहे. पलीकडं कंपाउंडची भिंत, पाण्याचा नळ, मधल्या वाटेवर पेव्हर ब्लॉक. भिंत बांधताना करंज तोडला. कुठं होता तेही दिसत नाही.

चुलता नळापाशी थांबला. "हितं." मग भिंतीकडं गेला. "न्हाई, भिंत नव्हती तवा. हितं आसंल." मग उताराकडं बघत उभा राहिला आणि काठीनं तिसरी जागा दाखवली.

"काका, नीट आठवा."

"काय आठवू? भांड्यावरनं वळकायचो. ही ताटली कुनाची, ती डबी कुनाची. जागा कोन ध्यानात ठेवतंय? भांडं हाय म्हनून तर ठेवायचं." तो नळाच्या कट्ट्यावर बसला. "तू लावलास की समद्यास्नी चुना. आता मला इचारतीस."

हे तो रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

पेव्हर ब्लॉक बसवताना पायवाटेच्या कडेचे दगड काढून भिंतीच्या बुडाशी रचले होते. दर वर्षी कुणीतरी त्यांना रंग देतं, आता तर ऑइल पेंट. मी किल्ली काढली आणि खरवडायला बसले. वरचा पिवळा, खाली पांढरा, खाली गेरू, खाली परत चुना. तांबूस, वरवंट्याएवढा दगड हवा होता. गेरू दगडात मुरला होता. ज्याला म्हणून खरवडावं तो तांबूसच निघत होता. चुलता बसल्या जागेवरनं म्हणाला, "ऊठ. नखं जातील." दगड सापडला असता तरी तो कुठनं उचललेला हे त्याच्यावर थोडंच लिहिलेलं होतं?

घरी आले तर आई उशीला टेकून बसलेली. वाट बघत होती.

"घावली?"

आजवर मी तिच्याशी खोटं बोलले नव्हते. तशी गरजच पडली नव्हती. तिला ज्यातलं कळत नाही असं माझं बरंच होतं, नुसतं गप्प बसलं तरी भागायचं.

"सापडली," मी म्हणाले.

"कुटं?"

"नळाच्या अलीकडं, भिंतीच्या आतल्या अंगाला."

"दगूड हाय?"

"आहे. तांबूस."

"त्येच्या मधनं पांढरी शीर जाती. हाय?"

"होय," मी म्हणाले. "आहे की."

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. "शीर नव्हती गं त्येच्यावर."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "येवढी शिकलीस, खोटं काय धड बोलता येत न्हाई तुला." आवाजात चिडणं नव्हतं, थोडं हसूच होतं आणि ते ऐकवत नव्हतं. मग धाप कमी झाल्यावर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. नळाच्या अलीकडं म्हनालीस न्हवं? तितंच ठेव. समद्यास्नी सांग, त्यो हितंच हाय म्हनून."

मी सगळ्यांना तसं सांगितलं. वस्तीत ते कळलं तसं एकेक जण यायला लागलं. पलीकडच्या गल्लीतली एक बाई दारात उभी राहून म्हणाली, "म्याडम, तुमाला तुमची घावली म्हनं. आमच्या सासऱ्याचीबी बघा की. जर्मनची ताटली हुती, दोन भोकं पाडल्याली." मी बघते म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिला चहा दिला. ती बसली, चहा प्याली, ताटलीला दोन भोकं का होती तेही तिनं सांगितलं. एकानं सासऱ्याचं भागलं नसतं म्हणे, माणूस हट्टी होता.

आई पुढं सहा आठवडे जगली. जागेबद्दल पुन्हा एक शब्द बोलली नाही. तिचं खाणं कमी झालं, मग बोलणं कमी झालं. एका सकाळी चहाचा घोट तोंडाच्या कडेनं खाली आला आणि ती गेली.

दुपारी तिला ओढ्याकडं नेलं. साकवापाशी बायका थांबल्या. मी थांबले नाही. मागनं कुणीतरी म्हणालं, "बाईमानसानं पुढं जायचं न्हाई." चुलता काठी आपटत म्हणाला, "तिनं तीन दिस हितं झाडू मारलाय. तवा कुनी अडीवलं? आज जाऊ द्या."

खड्डा चुलतभाऊ घेत होता. तो इचलकरंजीला मागावर असतो, रात्रपाळी करून तसाच आला होता. चुलता कडेला बसून सांगत होता, किती लांब, किती खोल. मी माती बघत उभी होते. प्रत्येक खोऱ्याबरोबर बघत होते. काही लागलं तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं, आणि काही लागू नये असंही वाटत नव्हतं. कमरेइतकं झालं, छातीइतकं झालं. मुरूम लागला. दुसरं काही निघालं नाही.

"म्हणजे इथं नाही तो," मी हळूच म्हणाले.

"म्हैन्याच्या पोराची हाडं पाच पावसाळंबी टिकत न्हाईत," चुलता म्हणाला. "आसला तरी लागायचा न्हाई. नसला तरी लागायचा न्हाई."

मग तो पुढं सरकला आणि पोराला म्हणाला, "हातभर रुंद घे."

"कशाला? बसतंय की."

"घे म्हनतोय न्हवं? उतानी ठेवायची न्हाई तिला. कुशीवर ठेवायची."

आमच्यात मयताला उताणं ठेवतात. कुणालाच कुशीवर ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं. चुलतभावानं माझ्याकडं बघितलं. मग तो परत खाली वाकला आणि कडेची माती तोडायला लागला.

माती वर पडत होती. खांदा दिलेली माणसं मागं उभी होती. रुंदी झाल्यावर चुलत्यानं मला जवळ बोलावलं, आणि इतर कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "कुठल्या कुशीवर? लेकरू कुठल्या अंगाला हाय?"

एका बाजूला भिंत होती. एका बाजूला मोकळा उतार. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. तरी तो थांबला होता. सगळे थांबले होते, ओढ्यापलीकडं बायका थांबल्या होत्या.

"डावी," मी म्हणाले.

त्यानं खाली बघून पोराला सांगितलं, "डावी."